परकीय हात खरा कधी मानायचा?

विट्याहून एका मुलीने प्रश्न पाठवला आहे. ती राज्यसेवेची तयारी करते, भाऊ सैन्यात आहे. ती विचारते: "सर, एका देशाची गुप्तहेर संस्था दुसऱ्या देशातलं सरकार खरंच पाडू शकते का? बांगलादेशात 2024 साली जे झालं ते अमेरिकेने घडवलं, असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. भारतात असं कधी झालंय का? आणि आपल्यासारख्यांनी खरं-खोटं ओळखायचं कसं?"

माझी नोकरी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात झाली आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात मी मुलांना हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोकरीतलं काही इथे येणार नाही, ते येऊही नये. पण या विषयातलं पुष्कळ काही आता सरकारी दप्तरांतून उघड झालं आहे आणि समजून घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

सरकार पाडता येतं का? हो, येतं. पाडलेली आहेत. मात्र मी जेवढी प्रकरणं अभ्यासली त्यांपैकी एकातही बाहेरच्या संस्थेने हे एकटीने केलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी आतला कोणीतरी नाराज होता, कोणाला तरी खुर्ची हवी होती, कोणाचा तरी पगार थकला होता. गुप्तहेर संस्था अशी माणसं शोधते, वर्षानुवर्षं सांभाळते आणि वेळ आली की वापरते. म्हणून कुठलंही प्रकरण समोर आलं की "बाहेरून कोण?" याच्या आधी "आतून कोण, आणि त्याला काय हवं होतं?" हे विचारायची सवय लाव.

इराणचं 1953 सालचं प्रकरण आधी वाच, कारण त्याचे कागद बरेच बाहेर आले आहेत. पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांनी 1951 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. तोवर ते तेल अँग्लो-इराणियन ऑईल कंपनीच्या ताब्यात होतं आणि त्या कंपनीत खुद्द ब्रिटिश सरकारची मोठी मालकी होती. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला, इराणची तिजोरी आटत गेली. ऑक्टोबर 1952 मध्ये मोसद्देक यांनी ब्रिटनशी संबंधच तोडले. वकिलात बंद झाली आणि तिच्या आडोशाने काम करणाऱ्या ब्रिटिश हेरांचं बस्तानही उठलं. तेव्हा ब्रिटिशांनी तेहरानमधली आपली माणसं अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेशी जोडून दिली. त्यांत रशिदियान बंधू होते. व्यापारी घराणं, बाजारात वजन, खासदार, संपादक आणि मौलवी यांच्यात ऊठबस. ही माणसं त्या वर्षी नव्याने जमवलेली नव्हती, फार आधीपासून पोसलेली होती.

15 ऑगस्ट 1953 च्या रात्री कर्नल नासिरी मोसद्देक यांना बडतर्फ करणारं शहाचं, म्हणजे इराणच्या राजाचं, फर्मान घेऊन त्यांच्या घरी गेला आणि तिथेच पकडला गेला, कारण बेत आधीच फुटला होता. शहा विमानाने बगदादला आणि तिथून रोमला पळाला. वॉशिंग्टनने काम थांबवायला सांगितलं. म्हणजे परकीय संस्थांचा मूळ बेत पहिल्याच रात्री फसला होता. तरी पुढच्या चार दिवसांत सीआयएच्या तेहरानमधल्या माणसांनी फर्मानाच्या प्रती काढून वर्तमानपत्रांपर्यंत पोचवल्या. तुदेह या कम्युनिस्ट पक्षाच्या नावाने भाड्याच्या टोळ्या रस्त्यावर आल्या आणि त्यांनी धुडगूस घातला, त्यामुळे दुकानदार आणि नोकरदार घाबरले. 19 ऑगस्टला दक्षिण तेहरानमधून आखाड्यातल्या पहिलवानांसकट मोठा जमाव निघाला. त्यात पैसे घेतलेले होते आणि मनापासून आलेलेही होते. मग लष्कराच्या तुकड्या त्यांना मिळाल्या आणि मोसद्देक यांच्या घरावर रणगाड्यांचे गोळे पडले.

सीआयएने 2013 मध्ये आपल्या अंतर्गत इतिहासाचा भाग खुला केला आणि हा उठाव आपल्या निर्देशाखाली झाला हे मान्य केलं. तेव्हा यात वाद उरलेला नाही. पण त्याच महिन्यांत इराणच्या आत काय चाललं होतं तेही बघ. आयातुल्ला काशानी हे मोसद्देक यांचे एकेकाळचे मोठे पाठीराखे, ते त्यांच्यापासून फुटले होते. मोसद्देक यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला संसद बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतलं आणि त्यात "हो" म्हणणाऱ्यांचं मतदान केंद्र वेगळं, "नाही" म्हणणाऱ्यांचं वेगळं ठेवलं. कोण कुठल्या रांगेत उभा आहे हे सगळ्या मोहल्ल्याला दिसत होतं. लोकशाहीसाठी झगडणाऱ्या नेत्याने स्वतःच्या हाताने आपला आधार पोखरला आणि ते भगदाड परक्यांना आयतं मिळालं. मोसद्देक यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी हे सांगितल्याशिवाय ते प्रकरण पूर्ण होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण क्यूबाचं. एप्रिल 1961 मध्ये सीआयएने सुमारे 1,400 क्यूबन निर्वासितांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देऊन पिग्जच्या उपसागरात उतरवलं. ही माणसं किनाऱ्याला लागली की बेटावर उठाव होईल, असा हिशोब होता. उठाव झाला नाही. जुनं लष्कर कास्त्रोंनी आधीच मोडून नवं उभारलं होतं, विरोधक तुरुंगात किंवा मायामीत होते. तीन दिवसांत सगळं आटोपलं. पैसा आणि शस्त्रं यांची वानवा नव्हती. आत साथ देणारं कोणी नव्हतं.

आता आपल्या घरात ये. हा खेळ साताऱ्यात पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी पुरा खेळून झाला आहे आणि इथल्या मुलांना तो माहीत नसतो याचं मला फार वाईट वाटतं.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. 25 सप्टेंबर 1819 च्या तहात एक कलम घातलं: महाराजांनी बाहेरच्या कुठल्याही राजाशी किंवा सरदाराशी कंपनीच्या अधिकाऱ्याला डावलून पत्रव्यवहार करायचा नाही, केला तर राज्य जाईल. या एका कलमाने साधं पत्रसुद्धा गुन्हा होऊ शकत होतं. दरबारात कोण येतं, कोण जातं, कोणाचं पत्र कुठे चाललं, हे कळवणारी माणसं रेसिडेंटने, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीने, पेरलेली होती. आज आपण ज्याला "नेटवर्क" म्हणतो ते हेच. बाळाजीपंत नातूंसारखा माणूस, ज्याने 1817 मध्ये पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्यासाठी बातम्या काढल्या होत्या, तो इथल्याही राजकारणात होता.

प्रतापसिंह महाराज कर्तबगार निघाले. रस्ते केले, शहराला पाणी आणलं, शाळा काढली, स्वतःची रोजनिशी ठेवली. जत, फलटण, औंध, भोर, अक्कलकोट इथल्या जहागिरदारांवर आपला हक्क आहे असं ते तहाच्या आधारे मांडत राहिले आणि मुंबई सरकारशी त्यांचं बिनसलं. 1836 मध्ये त्यांच्यावर आरोप आला की त्यांच्या माणसांनी कंपनीच्या 23 व्या पलटणीतल्या हिंदी सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. गुप्त चौकशी बसली. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा असे आणखी दोन आरोप जोडले गेले. साताऱ्याच्या राजाने नाममात्र उरलेल्या पोर्तुगीजांच्या जोरावर हिंदुस्थान जिंकायचं ठरवलं, असं ते प्रकरण होतं. आरोपांना आधार म्हणून आलेले कागद कोणाकोणाकडून मिळवले, साक्षीदारांना काय मिळालं, यावर पुढे लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभांत वर्षानुवर्षं वाद झाला.

यातला निर्णायक क्षण 1839 च्या ऑगस्टमधला. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यात आला. महाराजांपुढे प्रस्ताव ठेवला की दोष कबूल केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते कबूल करणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 5 सप्टेंबर 1839 ला त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. 1847 मध्ये ते तिथेच वारले. गादीवर कोण बसलं? त्यांचे सख्खे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. तेही 1848 मध्ये वारले आणि त्यांनी मरतेवेळी घेतलेलं दत्तक विधान डलहौसीने नाकारून राज्य खालसा केलं. ज्यांनी आतून साथ दिली त्यांच्या पदरातही शेवटी काही उरलं नाही. रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला 1840 मध्ये लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे झगडत राहिले. परत आल्यावर 1857 मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली, ती फुटली, त्यांचा मुलगा गेंडामाळावर फाशी गेला. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

इराणच्या प्रकरणाशेजारी हे प्रकरण ठेवून बघ. खुर्चीची आस असलेला घरातला माणूस, पगारी बातमीदार, संशयास्पद कागद, आणि आधीच लिहून ठेवलेलं असं कलम की साधी हालचालही देशद्रोह ठरावी. तेलाऐवजी इथे महसूल होता, एवढाच फरक.

खरं-खोटं कसं पारखायचं याबद्दल लिहितो, कारण स्वतंत्र भारतातली उदाहरणं त्याशिवाय नीट समजणार नाहीत. गुप्तवार्तेत जगभर चालणारी एक जुनी पद्धत आहे. आलेल्या प्रत्येक खबरीला दोन शेरे द्यायचे. पहिला शेरा माणसाला, ए पासून एफ पर्यंत: ए म्हणजे पूर्ण विश्वासू, ई म्हणजे बेभरवशाचा, एफ म्हणजे याला पारखायला आपल्याकडे काहीच नाही. दुसरा शेरा खबरीला, 1 पासून 6 पर्यंत: 1 म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पक्की झालेली, 5 म्हणजे असंभवनीय, 6 म्हणजे ठरवता येत नाही. हे दोन शेरे एकमेकांत मिसळायचे नाहीत. विश्वासू माणूसही चुकीची खबर आणतो, लबाडाच्या तोंडूनही कधी खरं निघतं. ग्रुपवरचा फॉरवर्ड एफ-6 असतो, मग तो पाठवणारे तुझे सख्खे काका का असेनात. काकांवरचा विश्वास हा काकांवरचा आहे, त्यांनी न वाचता पुढे ढकललेल्या मजकुरावरचा नाही.

आणि "स्वतंत्र मार्गाने" या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या सोव्हिएतधार्जिण्या दैनिकात एक निनावी पत्र आलं. लिहिणारा म्हणे नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञ होता. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत बनवला, असा त्याचा दावा. दोन वर्षं ते पत्र तसंच पडून राहिलं. ऑक्टोबर 1985 मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने तो दावा छापला आणि आधार म्हणून दिल्लीच्या वर्तमानपत्राचं नाव दिलं. मग ते आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, युरोपात, कितीतरी भाषांत पसरलं. वाचणाऱ्याला वाटलं, इतक्या देशांतली इतकी वर्तमानपत्रं सांगतात म्हणजे काहीतरी असणार. मुळात उगम एकच होता आणि तो केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा. 1992 मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तहेर खात्याचे तेव्हाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी ते मान्य केलं. पहिली पेरणी आपल्या राजधानीत झाली होती, हे लक्षात ठेव. दहा ठिकाणी दिसलेली बातमी दहा वेळा पक्की होत नाही. दहाही जणांनी ती कुठून घेतली, तिथवर मागे जायचं.

ही कसोटी घेऊन भारताकडे बघू. डॅनियल पॅट्रिक मोयनिहान 1973 ते 1975 अमेरिकेचे भारतातले राजदूत होते. त्यांनी 1978 मध्ये आपल्या आठवणींत लिहिलं की सीआयएने दोनदा भारतीय राजकारणात पैसा घातला, केरळात आणि पश्चिम बंगालमध्ये, कम्युनिस्टांना रोखण्यासाठी, आणि दोन्ही वेळा तो काँग्रेसला दिला. माणूस माहितीच्या जागेवर होता आणि स्वतःच्या सरकारला अडचणीचं ते लिहीत होता, म्हणून मी त्या माणसाला वरचा शेरा देतो. केजीबीच्या बाजूने वासिली मित्रोखिन या त्यांच्याच दप्तरदाराने 1992 मध्ये ब्रिटनला नेलेली टिपणं आहेत. त्यांत भारतातले पक्ष, पुढारी, वर्तमानपत्रं यांना पैसा पुरवल्याच्या नोंदी आहेत. पण ती हाताने उतरवून घेतलेली टिपणं आहेत, मूळ कागद नाहीत. शिवाय हेरखात्याचे अधिकारी आपलं काम फुगवून वरिष्ठांना कळवतात, हे या धंद्यातलं जुनं दुखणं. तेव्हा एकूण दिशा खरी, एकेका नावावर शिक्का मारताना मात्र हात आखडता घ्यावा. कोणाला आवडो न आवडो, शीतयुद्धात दोन्ही महासत्तांचा पैसा आपल्या राजकारणात आला, असं मी मानतो.

इंदिराजींच्या काळात "परकीय हात" हे शब्द इतके वापरले गेले की शेवटी लोकांनी त्यांकडे लक्ष देणं सोडलं. याचं नुकसान फार मोठं असतं. सत्तेवरचा कोणीही, कुठल्याही पक्षाचा, आपल्याविरुद्धच्या प्रत्येक आंदोलनाला परक्यांचं कारस्थान म्हणू लागला की खरा परकीय हात आला तरी कोणी ऐकत नाही. शिवाय आंदोलनामागचं खरं दुखणं तसंच राहतं, आणि तेच दुखणं परकी संस्था शोधत असते.

आपणही हे केलं आहे, ते लपवून अभ्यास होत नाही. रॉ या आपल्या परदेशी गुप्तवार्तेच्या संस्थेची स्थापना 21 सप्टेंबर 1968 ची, पहिले प्रमुख रामेश्वर नाथ काव. तीनच वर्षांनी बांगलादेशचा प्रश्न उभा राहिला. मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रं भारताने दिली. पण डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 अवामी लीगने जिंकल्या होत्या, तो कौल लष्कराने नाकारला, 25 मार्च 1971 पासून कत्तल सुरू झाली आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. लोक आधीच उभे होते, आपण त्यांना बळ दिलं. म्हणून ते टिकलं.

श्रीलंकेत तसं झालं नाही. जुलै 1983 मध्ये तिथे तमिळांच्या कत्तली झाल्या, त्यानंतर आपण तिथल्या तमिळ संघटनांना भारतात प्रशिक्षण दिलं. संघटना अनेक होत्या आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या होत्या. त्यांत लिट्टेने बाकीच्यांना संपवलं. 29 जुलै 1987 च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे गेली आणि काही महिन्यांत त्याच लिट्टेशी लढू लागली. पुढे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांच्या सरकारने आपल्या सेनेविरुद्ध लिट्टेलाच शस्त्रं दिली. मार्च 1990 मध्ये सेना परतली तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही लढल्या. 21 मे 1991 ला लिट्टेने राजीव गांधींची श्रीपेरुंबुदूरला हत्या केली. मी वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा मुलं गप्प होतात, कारण सातारा-सांगलीत तिथे जवान गमावलेली घरं अजून आहेत. परक्या देशातल्या बंदूकधारी संघटनेला पोसताना तिचा हेतू आणि आपला हेतू एकच आहे असं धरून चालणं ही त्या धोरणातली घोडचूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुझा बांगलादेश 2024. जून 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीचं 30 टक्के आरक्षण पुन्हा लागू केलं. विद्यार्थी रस्त्यावर आले. जुलैत गोळीबार झाला, इंटरनेट बंद केलं. जानेवारीतल्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकलेला होता, म्हणजे राग मतपेटीतून निघायला वाव नव्हता. 5 ऑगस्टला ढाक्यावर मोर्चा निघाला, लष्कर शेख हसीना यांच्यासाठी लोकांवर गोळ्या झाडायला तयार झालं नाही आणि त्या भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी 2025 च्या अहवालात मृतांचा अंदाज 1,400 पर्यंत दिला. यातली प्रत्येक पायरी आतली आहे आणि कागदावर आहे. अमेरिकेने हे घडवलं या दाव्याला आधार म्हणून जे फिरतं ते बहुतेक एकमेकांचा हवाला देणारं आहे, वर सांगितलेल्या एड्सच्या पत्रासारखं. अमेरिकी सरकारने दावा नाकारला, पण नाकारणं हाही पुरावा नव्हे, इराणबद्दलही त्यांनी दशकानुदशकं तोंड उघडलं नव्हतं. परीक्षेत लिहायचं झालं तर आतली कारणं पुराव्यासह मांड आणि बाहेरचा दावा "पुराव्याने सिद्ध नाही" असा नोंदव.

अलीकडे पद्धत बदलली आहे, पण बदल साधनांचा आहे. पूर्वी वर्तमानपत्राचा संपादक फोडावा लागे, आता खोटी खाती चालवली की भागतं. अमेरिकेच्या 2016 च्या निवडणुकीत रशियन लष्करी हेरखात्याने डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरून बाहेर काढले आणि सेंट पीटर्सबर्गच्या एका कंपनीने अमेरिकन नावांनी हजारो पोस्ट टाकल्या. 2018 मध्ये त्या दोन्ही प्रकरणांत आरोपपत्रं झाली. डिसेंबर 2024 मध्ये रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने पहिल्या फेरीनंतर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली, कारण अशाच ऑनलाइन प्रचाराचा आरोप होता. आणि हे एकट्या रशियाचं काम समजू नकोस. डोव्ह लेव्हिन या अभ्यासकाने 1946 ते 2000 या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ-रशिया यांनी परदेशी निवडणुकांत केलेले 117 हस्तक्षेप मोजले, त्यांतले 81 अमेरिकेचे आहेत.

यावर उपाय काय, तर आतला कारभार उघडा ठेवणं, आणि इथे मला आपल्या राज्यकर्त्यांवर रागच आहे. परदेशी देणगी घ्यायला राजकीय पक्षांना 1976 च्या कायद्यापासून बंदी आहे. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की काँग्रेस आणि भाजप या दोघांनी परदेशी मालकीच्या समूहाकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला. त्यावर काय झालं? 2016 आणि 2018 मध्ये वित्त विधेयकांतून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली, तीही 1976 पासून पूर्वलक्षी. मग निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचं नाव झाकलं, ते सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द केलं. कोणाचा पैसा आला हे मतदाराला कळत नसेल तर परक्या संस्थेला हेरही पेरावे लागत नाहीत. दुसरं म्हणजे, देशांतर्गत गुप्तवार्ता बघणारी आयबी आणि रॉ यांच्यामागे संसदेने केलेला कायदा नाही आणि त्यांच्यावर संसदीय समितीची देखरेखही नाही. अमेरिकेच्या सिनेटने 1975 मध्ये फ्रँक चर्च यांच्या समितीकडून आपल्याच सीआयएची झडती घेतली. चिलीत 1964 च्या निवडणुकीत एका उमेदवाराचा निम्म्याहून जास्त खर्च सीआयएने उचलला, हे जगाला त्या समितीमुळे कळलं. अशी समिती आपल्याकडे असावी. त्याने संस्था दुबळ्या होतात असं काही जुन्या सहकाऱ्यांना वाटतं, मला ते पटत नाही.

शेवटी तुझ्या घरापुरतं, कारण भाऊ सैन्यात आहे म्हणालीस. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी फौजी आहेत आणि फौजीपर्यंत पोचायचा सोपा रस्ता म्हणजे घरचे. फोन येतो: "रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, भाऊंच्या भत्त्याचा कागद अडकलाय, सध्या कुठल्या ठिकाणी आहेत तेवढं सांगा, पत्ता अपडेट करायचाय." आवाज गोड, हिंदी अस्सल, भावाचं नाव आणि हुद्दा बरोबर, कारण ते तूच कुठल्यातरी फोटोखाली लिहिलेलं असतं. रेकॉर्ड ऑफिसला जवान कुठे आहे हे घरच्यांना विचारावं लागत नाही. फोन ठेव, नंबर लिहून घे, भावाला कळव, तो त्याच्या युनिटला सांगेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही सांगता येतं. त्याने सुट्टीवरून परत जाताना रेल्वेचं तिकीट, युनिटच्या खुणेचा टी-शर्ट, गाडीचा नंबर असलेला फोटो टाकला असेल तर काढायला लाव. लष्कराने जुलै 2020 मध्ये 89 ॲप्स जवानांच्या फोनवरून काढायला सांगितली ती याच कारणाने.

आणि तू अधिकारी झालीस तर तुझ्यासाठी दुसरा रस्ता आहे. लिंक्डइनवर एखादी सल्लागार कंपनी किंवा अभ्यास संस्था संपर्क साधते, जिल्ह्याच्या पाणी योजनेवर किंवा सीमाभागातल्या रस्त्यांवर चार पानांचा लेख मागते, मानधन चांगलं देते. पहिला लेख सगळा छापील माहितीवरचा असतो. दुसऱ्याला "जरा आतलं काही" मागतात. सिंगापूरचा डिक्सन यो याने खोटी सल्लागार कंपनी दाखवून अमेरिकन अधिकाऱ्यांकडून चीनसाठी अशीच माहिती काढली, 2020 मध्ये त्याला अमेरिकेत शिक्षा झाली. सीआयएचा माजी अधिकारी केविन मॅलरी याच रस्त्याने फसला. मिळाले 25,000 डॉलर, 2019 मध्ये शिक्षा झाली 20 वर्षांची. तेव्हा पहिल्याच लेखाच्या वेळी संस्थेचा पत्ता, नोंदणी, आधीची प्रकाशनं तपास, आणि पैसे घ्यायच्या आधी वरिष्ठांना लेखी कळव.